लाख किलोमीटरचे प्लग

उस्तादांचे हात सकाळपासून शिवशिवत होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना उस्तादच म्हणे. हृदयाचं ऑपरेशन झालेली त्यांची बायको आज नऊ दिवसांनी घरी यायची होती. हॉस्पिटल नव्वद किलोमीटरवर. दातांची डॉक्टर असलेली लेक सकाळचे पेशंट आटोपून जरा आडवी झाली होती, चार वाजता ती गाडी काढणार होती. घर झाडून झालं होतं, चादरी बदलून झाल्या होत्या. आता नवऱ्याने करायचं तरी काय? उस्तादांना आयुष्यभर जे सुचत आलं तेच आताही सुचलं. त्यांनी लेकीच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

साठ हजार किलोमीटर झाले आणि स्पार्क प्लगला कुणी हात लावलेला नाही! त्यांच्या काळात दर पाच हजाराला प्लग बाहेर यायचे, तारेच्या ब्रशने लख्ख व्हायचे, ठिणगी पडते ती टोकाची गॅप जुळवून पुन्हा आत जायचे. वीस हजाराला नवे. नाहीतर गाडी चढावावर धापा टाकायची. आणि बायको आत बसलेली असताना गाडीने धापा टाकलेल्या त्यांना चालणार नव्हत्या. तिने स्वतःच पुरेशा टाकल्या होत्या.

त्यांनी चारही प्लग काढले. इंजिनावर ओणवं होऊनच साफ करायची त्यांची जुनी खोड. तीन झाले. चौथ्याची गॅप पकडीने जरा दाबली, वर ब्रश मारला आणि चष्मा सावरून पाहिलं, तर मधलं सुईएवढं टोक गायब. आणि खाली इंजिनाची चार भोकं आ वासून उघडी.

टोक आत पडलं असेल तर गाडी सुरू करताच सिलिंडर ओरबाडून काढेल. त्यांनी चुंबक आणून सगळीकडे फिरवलं. जुना स्क्रू चिकटला, एक वॉशर चिकटला, टोक काही सापडेना. साडेतीन वाजले. गुपचूप सगळं बसवून टाकावं, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. ते लेकीच्या खोलीत गेले.

"ऊठ गं. गाडी सुरू करू नकोस. मी घोळ करून ठेवलाय."

सगळं ऐकून लेक भडकलीच. "आजच, बाबा? नेमकं आजच सुचलं तुम्हाला?" मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुढचे शब्द गिळले आणि कोपऱ्यावरच्या स्पेअरपार्टवाल्याला फोन लावला.

"काका, ते इरिडियमचे प्लग," तो स्पीकरवरून म्हणाला. "लाखभर किलोमीटर आरामात जातात. त्यांना ब्रश मारायचाच नसतो. आणि चुंबकाने शोधत असाल तर जन्मभर शोधा. चिकटतच नाही ते."

"म्हणजे मी हातच लावायला नको होता," उस्ताद पुटपुटले.

लेक तोवर कपाळाला दिवा बांधून, चिमटा घेऊन आली होती. "ब्रश द्या तो. तुटक्या दातांचे तुकडे शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे." ती ब्रशचा एकेक झुपका उलगडत गेली.

"हे घ्या!"

तारांच्या मुळाशी टोक अडकलं होतं. तिने ते मोडक्या प्लगवर धरून पाहिलं, बरोबर बसलं. आत काहीही पडलं नव्हतं. उस्तादांचा जीव भांड्यात पडला. ते पायरीवर बसले आणि लेकीसमोरच डोळे पुसू लागले.

तिने चार नवे प्लग आणले तेव्हा ते म्हणाले, "कुणाला तरी बोलाव. मी आता हात लावत नाही."

"तुम्हीच बसवायचे. आईला त्या गाडीतून आणायचंय, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

त्यांनी बसवले, आधी नुसत्या बोटांनी वळवत, मग पान्याने बेताचे आवळत. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. अर्धा तास उशीर झाला होता, इतकंच.

परतताना मागच्या सीटवर बायकोशेजारी बसून उस्तादांनी हॉस्पिटलचं फाटक ओलांडायच्या आतच सगळं कबूल केलं. ती उशी छातीशी धरून हसत सुटली.

"अहो, हसवू नका, टाके दुखतात."

"आता लाख किलोमीटर बॉनेटला शिवणार नाही," ते म्हणाले. "म्हणजे सातेक वर्षं. तेव्हा आपण असू की नसू, कोण जाणे."

"मी असणार. नऊ दिवस उगाच काढले का तिथे?" तिने त्यांचा काळवंडलेला हात आपल्या हातात घेतला. "तुम्हीही असा. आणि बॉनेट उघडायच्या आधी मला उठवा."