पाठीवरचं चहाचं वर्तुळ

मी लाल पट्टी बोलतेय. वीतभर लांब, प्लास्टिकची, अंगावर पांढरी अक्षरं: ‘धावपट्टीवर गाडी आहे’. सध्या मुळशीतल्या रिहे गावात, कैलासच्या घरी आहे. या घरात तोंड वर करून बोलायची माझी लायकी नाही, तरी बोलते.

मी एका छोट्या विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात होते. काम एकच. कैलासची तपासणीची जीप धावपट्टीवर गेली की नियंत्रकाने मला खुंटीवरून काढून समोरच्या खाचेत ठेवायचं. मी खाचेत असेपर्यंत एकाही विमानाला उतरू द्यायचं नाही. माणूस विसरतो, म्हणून मी.

सुरुवातीला मान होता. मग टेबलावर डाग पडू नयेत म्हणून मला चहाच्या पेल्याखाली सरकवू लागले. अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून पालथी! केवढी ही काळजी. “जीप काय, लक्षात राहतेच की,” असं सगळेच म्हणत. खरं सांगते, ती ऊब मलाही आवडू लागली होती.

त्या सकाळी कैलासने वायरलेसवर विचारलं, “साहेब, जाऊ का?”

“जा,” नियंत्रक निरंजन म्हणाला. मला उचलायला त्याचा हात पुढे आला, पण माझ्यावर भरलेला पेला होता. चहा संपला की ठेवू, असं पुटपुटून तो थांबला. मग फोन वाजत राहिले आणि जीप त्याच्या डोक्यातून गेली. थोड्या वेळाने एका विमानाने उतरायची परवानगी मागितली. निरंजनने खाचेकडे पाहिलं. खाच रिकामी. त्याने परवानगी दिली.

कैलास तेव्हा धावपट्टीच्या मधोमध वाकून टायरचा तुकडा उचलत होता. वैमानिकाला तो दिसला म्हणून विमान पुन्हा वर गेलं. सगळे वाचले.

मग निरंजनने मला रुमालाने पुसून खुंटीवर टांगलं. चौकशीवाल्यांनी माझा फोटो काढला. पट्टी खुंटीवर, म्हणजे जीपला परवानगी दिलेलीच नव्हती! जीपच्या वायरलेसचं बोलणं टिपणारं यंत्र महिनाभर बंद होतं, त्याबद्दल अहवालात अवाक्षर नाही. कंत्राटी कैलासला काढून टाकलं. खोटी साक्ष मी दिली, कोरड्या चेहऱ्याने.

आता मनोऱ्यात स्क्रीन आले. भंगारात चाललेल्या मला उचलून निरंजन काल इथे आला. मला ओट्यावर ठेवून म्हणाला, “कैलास, चूक माझी होती. माफ कर.”

कैलासची बायको शुभांगी चहा घेऊन आली. “घ्या साहेब. ह्यांना बघून गावातली पोरं वरडत्यात, ‘इमान आलं, बाजूला व्हा!’ तेवढं ऐकून जावा.”

निरंजनने मान खाली घातली. एक घोट घेतला आणि नकळत पेला माझ्यावर ठेवला.

सगळे त्या पेल्याकडे बघत राहिले.

“हात अजून तसाच हाय तुमचा,” कैलास म्हणाला. “माफी हितं नगं. तितं, चौकशीवाल्यांस्नी लिहून द्या.”

“नोकरी जाईल रे माझी.”

“माझी गेलीच की, साहेब.”

शेवटी निरंजनने कागद मागितला. तो लिहीत होता तोवर चहा गार झाला. सही करून तो निघून गेला. आता त्या कागदावर मी वजन म्हणून ठेवलेली आहे. उद्या कैलास आम्हा दोघांना घेऊन चौकशीवाल्यांकडे जाणार आहे.

साहेबांनो, फोटोत तुम्ही माझा चेहरा पाहिलात. आता एकदा मला उलटून बघा. पाठीवरचं वर्तुळ रुमालाने निघालेलं नाही.