कात्रीचा हात

कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. शर्टाच्या कापडाचे चार थर एका दमात कापायची, पण रेघ सूतभरही हलायची नाही. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली आणि मानेला मार बसला. खांदा, कोपर कसेबसे वाचले. बोटांनी मात्र कायमचा संप पुकारला.

तेव्हापासून नवराच तिला भरवत होता. माणूस लाखमोलाचा, पण भारी उतावळा. तिला तहान लागायच्या आधीच पेला ओठांशी हजर!

आता तिच्या मेंदूत नखाएवढी चिप बसवली होती. हात हलवायचं मनात आलं की चिप ते टिपायची, संगणक त्याचा अर्थ लावायचा आणि कोपराखाली बांधलेला पट्टा स्नायूंना विजेचे बारीक झटके द्यायचा. दोन महिने सराव चालला होता. आज परीक्षा होती. पेला उचलायचा, घोटभर पाणी प्यायचं, पेला खाली ठेवून सोडायचा. जमलं तर यंत्र घरी मिळणार, नाहीतर आणखी सहा महिने दवाखान्याचे खेटे.

"काकू, नेहमीसारखं," यंत्र सांभाळणारी इंजिनिअर मुलगी म्हणाली. "चेंडू दाबताय असं मनात आणा."

पेला वीतभर उचलला गेला, जरासा थरथरला, आणि नवऱ्याचा हात आपसूक पुढे आला. संगणकाच्या पडद्यावर तिच्या मेंदूचा संदेश दाखवणारी रेघ झपकन खाली गेली. पेला निसटला, पाणी तिच्या मांडीवर.

"काका, तुम्ही पुढे आलात की काकूंचा मेंदू प्रयत्नच सोडतो," मुलगी म्हणाली. बिचारा! त्याच्या मायेनेच घात केला होता.

"तुम्ही तिकडे भिंतीशी उभे राहा," बाई कडाडली. मग मुलीकडे वळली. "आणि तो चेंडू राहू दे गं. उभ्या जन्मात मी चेंडू दाबलेला नाही. तुझ्या यंत्राला कात्री शिकव."

मुलीने डोकं खाजवलं, मग हसली. अर्धा तास दोघींनी तेच केलं. बाईने मनात कात्री उघडायची, मिटायची आणि यंत्राने ते शिकायचं. पडद्यावर रेघा अशा ठसठशीत उठल्या की मुलगी खुर्चीतून उभीच राहिली.

पुन्हा पेला. बोटं मिटली, पेला ओठांपर्यंत आला, पाणी घशाखाली उतरलं. पेला टेबलावर टेकला, पण बोटं काही सुटेनात. भिंतीशी नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे गच्च धरले होते. बाईने डोळे मिटले. कापडाचा काठ आला, आता कात्री उघडायची. बोटं सुटली. पेला जागच्या जागी उभा राहिला.

मुलीने टाळ्या वाजवल्या. नवरा खुशाल रडत होता.

"अहो, इकडे या. वाका जरा."

तिला आणखी पाणी हवंय, असं वाटून तो लगबगीने वाकला. त्याच्या शर्टाची कॉलर रोजच्यासारखी आत दुमडलेली होती. दोन वर्षं तिला ती डोळ्यांत खुपत होती, पण भरवणाऱ्या माणसाला नावं काय ठेवायची, म्हणून ती गप्प बसायची. तिचा हात वर गेला. बोटांनी कॉलरचं टोक पकडलं, बाहेर ओढलं आणि सोडलं.

तो सरळ व्हायला लागला.

"हलू नका," कटरबाई म्हणाली. "दुसरी बाजू राहिलीय."