सात नंबरच्या भिंगाखाली

मित्रांनो, चाकणच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी मी बसतो. मी जुना सूक्ष्मदर्शक. माझ्या मानेवर पांढऱ्या रंगाने सात आकडा काढला आहे, म्हणून सगळे मला सात नंबर म्हणतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. लाकडी पेटीतून इथे आलो तेव्हा पहिल्या वर्षाची मुले माझ्यापुढे रांग लावायची. डबक्यातल्या पाण्याचा थेंब, जास्वंदीचे पराग, गालाच्या आतल्या पेशी, मी सगळे दाखवले. ‘आयला, हे माझ्यात आहे?’ असे म्हणून मोठे झालेले डोळे मला फार आवडत. पुढे विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले. माझ्याकडे उजेड पाडायला नुसता आरसा. मी कपाटात गेलो, भिंगाच्या कडेला बुरशी चढली आणि कोणी विचारेना. खोटे कशाला सांगू, मी मनातून खचलो होतो.

मुलांची संख्या वाढली तेव्हा जीवशास्त्र शिकवणाऱ्या विजयश्री मॅडमनी मला बाहेर काढले, स्वतः पुसले आणि जवळच्या निघोजे गावच्या तेजलच्या हवाली केले. ही मुलगी दुपारी कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जायची आणि सकाळी आठला माझ्यापुढे हजर असायची. माझा बारीक स्क्रू ढिला आहे. तो डाव्या अंगठ्याने दाबून धरला तरच चित्र स्थिर राहते, हे तिने आपले आपण शोधून काढले. इतक्या वर्षांत ते कोणाला जमले नव्हते.

गेल्या वर्षी तेजल प्रात्यक्षिकात नापास झाली होती. यंदाही राहिली तर कॉलेज बंद आणि कायमची कंपनी, असे वडिलांनी बजावले होते. परीक्षेत कांद्याच्या मुळाच्या टोकातले पेशीविभाजन दाखवायचे होते. ज्याने त्याने घरी ग्लासातल्या पाण्यावर कांदा ठेवून मुळे आणायची आणि त्याचीच स्लाइड करायची. पेशी सकाळी जोमात विभागतात, म्हणून परीक्षाही सकाळची.

परीक्षेच्या दिवशी तेजलने पिशवीतून कांदा काढला आणि तिचा चेहरा उतरला. कांद्याचे बूड साफ होते. एकही मूळ नाही! तिने तिथूनच आईला फोन लावला. तिची आई सरूबाई बाजार समितीत कांदा निवडायचे काम करते.

“आई, माझ्या कांद्याची मुळं कुठायत?”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “अगं, मुळं फुटली व्हती त्याला. असला कांदा कालिजात नेशील, तर लोक काय म्हणतील? म्या नखानं खुडून चांगला साफ केला.”

“आई, मुळंच पायजे होती गं मला!” तेजलला रडूच कोसळले.

परीक्षकांनी घड्याळ पाहिले. “साडेनऊपर्यंत मुळे आणलीस तर ठीक.”

मित्रांनो, तेजलच्या हातातला फोन अजून चालूच होता.

सव्वानऊला दारात चपला काढल्याचा आवाज झाला. सरूबाई धापा टाकत उभी होती आणि तिच्या ओच्यात आठ-दहा कांदे होते, प्रत्येकाला पांढरीशुभ्र मुळे. “नळाखालच्या ओल्या ढिगातलं हायेत. आमी ही फेकून देतो. चालतील का, बाई?”

“चालतील काय, पळतील!” मॅडम म्हणाल्या.

तेजलने डोळे पुसले आणि कामाला लागली. टोक कापले, लाल रंगात टाकून ज्योतीवर जरा गरम केले, पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबले. मग माझा स्क्रू तिच्या पद्धतीने दाबून धरला. मीही जीव ओतून प्रकाश गोळा केला. परीक्षक वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. “छान! सगळ्या अवस्था दिसतायत,” ते म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

सरूबाई दारातच थांबली होती. मॅडमनी तिला आत बोलावले. तिने हात पदराला पुसले, एक डोळा तळव्याने झाकला आणि दुसरा माझ्यावर टेकवला. उभ्या जन्मात लाखो कांदे निवडलेला तो डोळा!

“ह्या लाल काड्या दोन बाजूला वढल्यावानी दिसत्यात, तेजल.”

“एका पेशीच्या दोन होतायत, आई. असंच मूळ वाढतं.”

सरूबाईने पुन्हा डोळा टेकवला. मग हळूच म्हणाली, “एवढं काम चालू असतं व्हय आत? आन् आमी खुडून टाकतो!”

तिच्या डोळ्यातले पाणी माझ्या भिंगावर पडले. ती पदराने पुसायला गेली, तर तेजलने हात धरला. “थांब आई, ओरखडे पडतील,” म्हणत तिने मऊ कागदाने मला अलगद टिपले.

तेजल पास झाली. मला आजवर पुष्कळ हुशार डोळे लाभले, पण सरूबाईसारखा डोळा पुन्हा लाभला नाही. म्हणून मित्रांनो, एवढे करा. मला पदराने, शर्टाच्या बाहीने पुसू नका, काम झाले की मला झाकून ठेवा आणि जुना म्हणून कपाटात विसरू नका. येत्या सोमवारी सरूबाई बाजारातल्या आणखी चौघींना हे दाखवायला घेऊन येणार आहे. मुळे फुटलेला कांदा त्या आपापला आणणार आहेत.