मी टर्की, मुक्काम शिक्रापूर

मित्रांनो, मी एक म्हातारा टर्की आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझं नाव साफ चुकलेलं आहे. टर्की म्हणजे तुर्कस्तान. त्या देशाशी माझा काडीचाही संबंध नाही. माझा जन्म शिक्रापूरच्या हायवेपासून दोन किलोमीटर आत, गिताबाईंच्या गोठ्यात, भुसा भरलेल्या पाटीत झाला. त्याला आठ वर्षं झाली. डोकं लालभडक, गळ्याखाली लोंबती कातडी, अंगावर काळी पिसं. मी देखणा नाही हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायची गरज नाही.

माझं अंडं दौंडहून आलं. गिताबाईंची लेक रुपाली तिथं रेल्वे कॉलनीत राहते. शेजारच्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरकडे टर्की होते. त्यांनी तिला चार अंडी दिली आणि ती तिनं आईला आणून दिली. गिताबाईंनी ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर पडतात. इथं तेविसावा गेला, चोविसावा गेला, तरी काही हालचाल नाही. शेजारणी म्हणू लागल्या, "गिते, नासली असत्याल. टाकून दे."

"कोंबडी उठली तर मी बसंन," गिताबाई म्हणाल्या, "पन टाकायची न्हाईत."

टर्कीच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. गिताबाईंनाही नव्हतं. अठ्ठाविसाव्या दिवशी मी आतून टोचा मारला. चार अंड्यांतून मी एकटाच बाहेर आलो.

गिताबाईंचे मालक म्हस्कूआबा. पूर्वी ते मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आता शेती आहे, कंपनीतल्या कामगारांसाठी बांधलेल्या बारा खोल्या आहेत, आणि जीव राहत नाही म्हणून वीसेक मेंढरंही आहेत. मी त्या मेंढरांतच वाढलो. लहानपणी माझं फार कौतुक झालं. खोल्यांतली पोरं माझ्याबरोबर फोटो काढायची. पुढं सगळ्यांना माझी सवय झाली, आणि माझं ओरडणं तेवढं लोकांच्या कानात राहिलं. "बोंबल्या आला," असं म्हणतात मला. म्हणू देत. दारात अनोळखी माणूस दिसला की मी ओरडणारच, ते माझं काम आहे.

खोलीवर नवीन कुणी आलं की वाडीचा पहिला प्रश्न असतो, कुठला? बिमलादेवी झारखंडच्या आहेत. अकरा वर्षं त्या इथं राहतात, सणसवाडीच्या कारखान्यात जातात, तरी वाडी त्यांना बिहारवालीच म्हणते. त्या मला रोज मूठभर भात घालतात. आमचं चांगलं जमतं.

एका दिवाळीत रुपालीनं माझ्या नावाची हकिकत वाचून आणली. पूर्वी इंग्लंडात तुर्की व्यापाऱ्यांच्या मार्फत आफ्रिकेतली एक कोंबडी यायची, तिला इंग्रज टर्की म्हणायचे. मग अमेरिकेतून आमचे पूर्वज तिथं पोचले. इंग्रजांना दोघांतला फरक कळला नाही, आणि त्यांनी तेच नाव आम्हाला चिकटवलं. बरं, तुर्क तरी मला आपला म्हणतात का? ते मला 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातला, म्हणतात. फ्रेंचांनीही मला हिंदुस्थानचाच ठरवलं. आणि हिंदुस्थानात हिंदी बोलणारे मला पेरू म्हणतात, म्हणजे आणखी तिसराच देश. आमचं खरं मूळ मेक्सिकोकडच्या रानात आहे. त्याचं नाव मात्र कुणीच दिलं नाही.

गिताबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी ज्याच्या दारात जावं त्यो म्हनतो, ह्यो आमचा न्हाई." मला तेव्हा फार वाईट वाटलं. नंतर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

यंदा शेजारच्या गावच्या यात्रेत जनावरांचं प्रदर्शन होतं. आबांच्या मेंढ्याचा तिथं दरसाल पहिला नंबर येतो. तो कोकरू असताना गिताबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, पण स्टेजवरून नाव पुकारतात ते आबांचं. एकदा तरी कर्ण्यावर आपलं नाव ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी माझी नोंद स्वतःच्या नावानं केली, माझे पाय धुतले, आणि टेम्पोत मेंढ्याशेजारी मला मांडीवर घेऊन बसल्या.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष आनंदराव कागद बघून म्हणाले, "मामी, ह्याला गावरान गटात न्हाई घेता येत. नावच टर्की हाय. परदेशी गटात घालतो. तिथं दुसरं कोनीच न्हाई, पयला नंबर तुमचाच. स्टेजवरनं नाव पुकारतो तुमचं."

मी अंग फुलवलं. गिताबाईंनी मान वर करून खांबावरच्या कर्ण्याकडे पाहिलं. त्यांना ते हवं होतं, मित्रांनो, फार हवं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, मला कळत होतं.

"आनंदराव, आमचा मेंढा कुठल्या गटात हाय?" त्यांनी विचारलं.

"गावरान. दरसाल तिथंच असतो की."

"त्यो कर्नाटकातनं आनलेला हाय. कोकरू व्हता तवा. कानाला आमची खूण केली आन् कळपात सोडला. धनगरानं एकदा खूण केली की मंग कोन इचारत न्हाई, कुठलं म्हून. ह्यो तर माज्या गोठ्यात जन्मला. मंग ह्यालाच का इचारता? परदेशी म्हून नंबर नगं मला, ह्याचं नाव काढा."

आनंदराव आबांकडे बघू लागले. आबा बायकोला गप्प करतील, असं त्यांना वाटलं असावं. बक्षीस आबांचं जाणार होतं. आबांनी मेंढ्याची मान खाजवली.

"खरं बोलती ती," ते म्हणाले. "मेंढा बी काढा."

"मामा, आसं करू नका. तुमच्यासाठी शाल आनलीया."

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. थंडीचं कामाला यील."

परदेशी म्हणून पहिला नंबर घेण्यापेक्षा इथलं राहिलेलं बरं, म्हणून आम्ही बक्षिसाविना परत निघालो. पण यादीतून नावं काढायची तर कमिटीला ते जाहीर करावंच लागतं. आम्ही टेम्पोशी पोचतो न पोचतो, तोच कर्णा खरखरला: "सौ. गिताबाई म्हस्कू ठोंबरे यांनी आपला पक्षी व मेंढा स्पर्धेतून काढून घेतला आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी."

गिताबाई थांबल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"आयकलं का?" त्यांनी आबांना विचारलं.

"आयकलं," आबा म्हणाले. "माज्या नावाच्या आधी तुजं आलं."

मग मीही असा ओरडलो की अर्धी यात्रा वळून बघू लागली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. दारात कुणी नवं आलं तर कुठला म्हणून विचारा, जरूर विचारा, पण एकदाच. त्यानंतर जेवलास का, एवढं विचारत जा. आणि आमच्या वाडीवर आलात, तर मला मात्र 'कुठला' असं एकदाही विचारू नका. मी टोचतो.