मुहूर्ताचं तेल

माझा नवरा आल्हाद पुण्याच्या नोकरीला हो म्हणणार होता, आणि माझं डोकं नुसतं भणभणत होतं. इकडे हिंदी मुलखात, रिछाईच्या कारखाना-वसाहतीतलं आमचं शेड सोडून जायचं? काहून, तर याच्या हातची जाळी दोनदा कोरडी पडली म्हणून!

काम असं: उष्णता वाहून नेणारी स्टीलची बंद नळी, आत सोडियम. बर्नरवर एक टोक तापलं की सोडियमची वाफ दुसऱ्या टोकाला जाते, उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, आणि आतल्या बारीक जाळीच्या वातीतून परत ज्वालेकडे येते. वात ओढेनाशी झाली की तापतं टोक कोरडं पडून जळतं. आमच्या दोन्ही नळ्या अशाच गेल्या.

"माझ्या हातातच कसब नाही, अवंतिका," आल्हाद म्हणाला. "ही तिसरी गेली की चलो पुणे."

जाळी धुऊन, सुकवून, गुंडाळून त्यानं स्वच्छ कापडावर ठेवली आणि आम्ही चहाला निघालो. मी चष्म्यासाठी परतले, तर सासरे जाळीवर वाकलेले. बोट तेलकट.

"बाबा! काय करून राहिले?"

"मुहूर्ताचं तेल गं." रांझीच्या कारखान्यात उभा जन्म गेला त्यांचा, तेलाचं बोट लावल्याशिवाय ते नव्या कामाला हात लावत नसत. "कुंकू दिसलं असतं तर तू ओरडली असतीस."

"मागच्या दोन्हींनाही लावलं?"

"तर! तशाच कशा सोडू?"

अगं बाई! तेल जळून जाळीवर काजळी धरली की सोडियम तिला धरतच नाही, मग वात ओढेल कशी? रागवायचं राहिलंच, मला हसूच फुटलं. बाबा बिचारे कावरेबावरे झाले.

आल्हादला ओरडूनच सांगितलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"म्हणजे माझी जाळी बरोबर होती?"

"पहिल्यापासून, येड्या!"

जाळी पुन्हा धुतली, सुकवली, नळी बंद केली. बर्नर पेटवला. बाबांना मुद्दाम पुढे उभं केलं, हात मागे बांधून. लाली ज्वालेपासून सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला पोचली आणि नळी सगळीकडे सारखी लाल झाली. कुठे काळा डाग नाही, कुठे जळकं टोक नाही. बाबांनी टाळ्या पिटल्या. मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांनाच मिठी मारली.

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. समोरचा माणूस चांगला मराठीत विचारत होता आणि आमचा आल्हाद आनंदात हिंदीत सुटला होता, "नहीं भैया, मैं नहीं आ रहा! मेरी जाली चल गई, जी! मेरे हाथ की!"