दिवा जळतोय, मंग हवा बराबर

वर.

वैशाखात विहिरीचा तळ उघडा पडला की गाळ काढायचा, आणि माणूस उतरण्याआधी कंदील सोडायचा. विझला तर हवा वाईट, जळला तर चांगली. एवढं शास्त्र गावाला पुरत आलं होतं. अण्णासाहेबांना तर उरलंही होतं. ते छत्रीखाली उभे होते. दुसऱ्याला राबताना बघायचं म्हणजे सावली लागतेच.

त्यांची शेड विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी. तिथं कारखान्यांचे तेलकट सुटे भाग ट्रायक्लो नावाच्या रसायनानं धुवायचे. हाताला गार, वासाला गोडसर. काळं झालं की ओढ्यात. उषाबाईनं तिथं चार महिने काढले होते. सांजेला डोकं गरगरायचं. अण्णासाहेब म्हणायचे, बायांना ऊन सोसत न्हाई. शेडला छप्पर होतं.

कंदील तळाला टेकला. जळत राहिला.

"हवा बराबर हाय," अण्णासाहेब म्हणाले. "उतर रे मच्छिंद्र."

उषाबाईनं नवऱ्याच्या कमरेला दोर बांधला. तो वरमला. "मी काय बैल हाय?"

"बैलाला कळतं, कुठं उतरू न्हाई ते."

खाली.

"गाळ लई मऊ हाय."

"गोड वास येऊन राह्यलाय गं. पेढ्यावानी."

"उषे, विहीर कामून फिरून राह्यली?"

मग हसू. मग भजन, अर्धंच.

वर.

"पिऊन उतरला," अण्णासाहेब म्हणाले, आणि माणसं हसली. मच्छिंद्रच्या गळ्यातली माळ सगळ्यांना ठाऊक होती. तरी हसली. छत्रीवाला हसला की हसायचं, ही गावाची जुनी विद्या.

उषाबाई कठड्यावर वाकली. वास तिच्या ओळखीचा होता.

"वढा. जल्दी वढा त्यान्ला."

दीर देवानंद खाली उतरायला निघाला. तिनं त्याची बंडी धरली. "तू कुठं? एकाची दोन मढी करतो का? दोर धर."

मच्छिंद्र वर आला. ओठ निळे, डोळे पांढरे. ओकला, मग श्वास घेतला. खाली कंदील जळतच होता.

"दारूच," अण्णासाहेब म्हणाले.

"मंग तुम्ही उतरा," उषाबाई म्हणाली. "दिवा जळून राह्यलाय. हवा बराबर हाय."

अण्णासाहेबांना आपलं बीपी आठवलं.

जालना, दवाखाना.

"दारूचा टिपूस नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ट्रायक्लोची वाफ आहे. हवेपेक्षा जड, तळाशी बसते. त्यात दिवा जळत राहतो, माणूस पडतो. ते पाणीही पिऊ नका. लिव्हर जातं, किडनी जाते, कॅन्सर होतो."

"उकळून पिलं तर?" उषाबाईनं विचारलं.

"तीच वाफ चुलीपाशी घ्याल."

पुन्हा वर.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाटी लागली. 'दारू पिऊन विहिरीत उतरू नये. आदेशावरून.' चार खिळे, चांगले बोटभर लांब. अण्णासाहेबांच्या घरी मात्र जारचं पाणी सुरू झालं होतं.

उषाबाईनं लेकीच्या, राजनंदिनीच्या हातात कोळसा दिला. पोरीनं पाटीखाली ठसठशीत लिहिलं, 'ही दारू अण्णासाहेबांच्या शेडमध्ये गाळतात. पाणी पिऊ नये.'

दुपारपर्यंत सगळ्या गावानं वाचलं. पाटी काढायला अण्णासाहेबांना माणूस मिळेना. सांजेला ते स्वतःच आले. खिळे निघेनात. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

"हातोडा हाय का कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

"हाय की," त्यांच्यातली झुंबरबाई म्हणाली, आणि जागची हलली नाही.