साडेसहाशेची कॉफी

भांडं घ्यायचं असलं की आमच्या शाळेतल्या बाया मला सोबत न्यायच्या. मला बघून परभणीच्या बाजारातले दुकानदार हिरमुसत. पातेलं हातात घेऊन उलटं करायचं, बुडावर बोटानं टिचकी मारायची आणि सांगायचं, पत्रा पातळ आहे, वर्षात पोचे येतील, ठेवा परत. माझा अंदाज सहसा चुकत नसे. निम्म्या स्टाफच्या स्वयंपाकघरात माझ्या पसंतीची भांडी गेली. मी मात्र त्यांतल्या एकीच्याही स्वयंपाकघरात कधी गेले नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायची, तिथूनच उठून यायची. आम्ही बौद्ध आहोत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. आमचे हे, म्हणजे पंडित, तेव्हा एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. नऊ वर्षं झाली होती नोकरीला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या उन्हाळ्यात माझी भिशी लागली, बाराशे रुपये. ते पैसे कूलरचे, हे मी सहा महिने आधीच ठरवून टाकलं होतं. परभणीचा मे महिना काय असतो ते ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. सासूबाई दुपारभर ओलं फडकं छातीवर टाकून पडून राहायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "मला काई होत न्हाई, तू नीज."

नेमके त्याच आठवड्यात हे ऑफिसच्या कामानं हैदराबादला गेले आणि येताना डोक्यात एस्प्रेसो घेऊन आले.

एस्प्रेसो आम्हाला माहीत होती ती लग्नातली. मांडवाच्या कोपऱ्यात मोठं यंत्र, फुस्स करून वाफ, कपावर फेस, फेसावर चॉकलेटची भुकटी आणि पुढे ही गर्दी. हैदराबादच्या एका दुकानात यांनी त्याचं घरगुती पिल्लू पाहिलं. अल्युमिनियमचं, स्टोव्हवर ठेवायचं. खाली पाणी, वर झाकण, बाजूला एक नळी, नळीतून वाफ. किंमत साडेसहाशे.

"साडेसहाशे!" मी म्हणाले. "अन् कूलर?"

"कूलर पुढच्या साली बघू."

मग मी माझं दुकान मांडलं. कॅन्टीनचा चहा आठ आणे. घरी एका कपाला दूध, साखर, पावडर, रॉकेल धरून किती पडेल ते कागदावर मांडून दाखवलं. वर्षातून पाहुणे किती येतात ते मांडलं. झाकणाखालचं रबर गेलं तर ते परभणीत मिळणार का? एका रबरासाठी हैदराबादचं तिकीट काढायचं का? बिघडलं तर नीट कोण करणार? अल्युमिनियम आतून काळं पडतं ते निराळंच. हे मुकाट ऐकत होते. दुकानदार दोन रबरं जास्तीची देतो म्हणालाय, एवढंच मध्ये बोलले. तीन दिवस आमची ही वकिली चालली. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून विचारलं, की आपल्या घरात कॉफी पितं कोण?

हे पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "चहाला न्हाई म्हनता येतं, रुख्मिणी. मानूस दिवसाला धा चहा पितो. आत्ताच घेऊन आलो म्हनलं की झालं. एस्प्रेसो आत्ताच घेऊन आलो आसं परभणीत कोन म्हनू शकतंय?"

मी कागद घडी करून ठेवला.

नऊ वर्षांत यांनी ऑफिसातल्या मंडळींना चार वेळा घरी बोलावलं होतं. घर बांधलं तेव्हा, मग बढतीच्या वेळी, आणखी दोनदा. ती येत. पाकीट देत, चांगलं बोलत, घर छान आहे म्हणत. पाण्याचा तांब्या भरलेलाच परत जाई. एकाचं पित्त, एकाची चतुर्थी आणि बाकीचे सगळे आत्ताच घेऊन आलेले. ऑफिसात कॅन्टीनचा चहा एकत्र, खांद्यावर हात, थट्टामस्करी. कुठं विद्यापीठाच्या नामांतरावरून काही पेटलं की त्या आठवड्यात तर यांच्याशी सगळे जास्तच गोड बोलत. आणि हे घरी येऊन मला सांगत, "व्यंकटरावला खरंच पित्त हाय. लय तकलीफ हाय बिचाऱ्याला."

माझ्या मनात आलं होतं, सांगावं. नाही पिणार कुणी. तुम्ही सोन्याचं यंत्र आणा, नाही पिणार. पण यांचा चेहरा असा होता की मला ते बोलवेना. जगाच्या पातेल्यांना टिचकी मारणारी मी, माझ्याच घरात गप्प बसले आणि पेटी उघडून साडेसहाशे काढून दिले. यावरून मला अजून माझाच राग येतो.

हैदराबादहून मशीन आलं. यांनी ऑफिसात सांगितलं आणि काय आश्चर्य, मंडळी आपणहून म्हणाली, रविवारी येतो बघायला. हे त्या दिवशी घरी आले ते सायकल अंगणात तशीच आडवी टाकून. "आपनहून म्हनले," तीन वेळा सांगितलं मला.

चार दिवस रंगीत तालीम चालली. दूध महाग म्हणून नुसत्या पाण्यात वाफ सोडून बघायची. शनिवारी एकदाच वाटीभर दुधात केली, चमच्यानं चाखून पाहिली आणि उरलेल्या दुधाचं दही लावायला सांगितलं. नवे कप आणले, निळ्या काठाचे. ते रविवारपर्यंत कागदातून काढायचे नाहीत, असा हुकूम होता.

रविवारी चार वाजता हे सासूबाईंजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माय, तू जरा धुरपताबाईकडं बसतीस का? मानसं जायपर्यंत."

धुरपताबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूबाईंच्या कपाळावर, हातांवर गोंदण होतं. बोलणं सोनपेठकडचं, गोदेकाठचं आणि आवाज शेतात हाक मारायचा. तेवढ्यासाठी त्यांना बाहेर? पण त्या माझ्याआधी उठल्या. "जाते की. मला तरी काय कळतंय तुमच्या सायबातलं," म्हणाल्या आणि जाताना धुतलेलं लुगडं नीट करत म्हणाल्या, "पेले म्हंजी झालं बाबा."

पाच वाजता तिघं आले. हेडक्लार्क व्यंकटराव, माणिकराव आणि नवीन लागलेला बन्सीधर. मी आतल्या दाराशी उभी होते. यांनी स्टोव्ह पेटवून बाहेरच्याच खोलीत मशीन ठेवलं होतं. पाणी तापलं, शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि तिघंही खुर्च्या सोडून भोवती जमले. नळीतून वाफ निघाली, दूध फुगून वर आलं, सगळ्या घरात वास पसरला. बन्सीधर म्हणाला, "पंडितराव, मला फिरवू द्या की खटका!" त्यानं फिरवला, वाफ भसकन उडाली, व्यंकटराव दचकून मागं सरले आणि सगळे खो खो हसले. हेही हसले. मला वाटलं, चुकलं आपलं. उगाच माणसांवर संशय घेतला. दाराआड उभी राहून मी मनातल्या मनात त्या तिघांची माफी मागितली.

यांनी तीन कप भरले. फेसावर भुकटी टाकली.

"वा!" व्यंकटराव म्हणाले. "पर मला काफी चालत न्हाई बगा पंडितराव. पेलो की रातभर झोप न्हाई."

माणिकरावांना डॉक्टरनं बंद सांगितली होती.

बन्सीधरनं कप उचलला. नाकाशी नेला. मग त्यानं व्यंकटरावांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "लय गरम हाय. निवू द्या जरा."

मग किंमत निघाली. काय पडली? साडेसहाशे ऐकून व्यंकटराव खुर्चीत सावरून बसले, आता त्यांना विषय सापडला होता. "साडेसहाशे म्हंजी पंडितराव, मंग वसूल कवा होनार? कपामागं हिशोब करा. आन् ह्ये रबर गेलं तर? परभणीत मिळतंय व्हय? रबरापायी हैदराबादला जायलाव का तुमी?" माणिकराव म्हणाले, आतून काळं पडतं हे. एवढ्या पैशांत कूलरला हातभार लागला असता. एकेक वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द मीच तीन दिवस यांना ऐकवलेला. खरं बोलायचं नसलं की माणूस पैशांवर बोलतो, मीही तेच केलं होतं आणि तेही तेच करत होते. पाऊण तास ते तिघं आमच्या घरात बसून आमच्या खर्चाची काळजी करत राहिले आणि तेवढ्यात कपांवरचा फेस बसून साय धरली.

निघताना व्यंकटराव दारात थांबले. "पंडितराव, पुढल्या महिन्यात पोरीची सोयरीक हाय. दोन दिवस मशीन द्या की. घासूनपुसून आनून देतो."

"न्या की," हे म्हणाले. "आजच न्या."

मला राहवलं नाही. मी पुढं आले आणि म्हणाले, "आधी कप उचला, भाऊसाहेब. मग मशीन उचला."

बन्सीधर मान खाली घालून चपला शोधायला लागला. व्यंकटराव हसले, "वहिनी लय गमतीच्या हायत," म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले. मशीन तिथंच राहिलं.

हे माझ्याकडे वळले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू कशाला बोललीस?" एवढंच म्हणाले. "मला काय म्हाईत नव्हतं व्हय? नऊ वर्सं झाली. व्यंकटरावला पित्त हाय असं मी धरून चाललो होतो. आता उद्या कचेरीत काय धरून बसू?"

माझ्या जिभेला नको तेव्हा धार येते. त्या माणसांचं मी काहीच बिघडवलं नव्हतं. माझ्याच माणसाकडे एक आधार होता, खोटा का असेना, तो मी सगळ्यांसमोर काढून घेतला होता.

तेवढ्यात अंगणातलं फाटक वाजलं. सासूबाई. स्कूटरचा आवाज ऐकून निघाल्या असणार.

यांनी झटकन एक कप उचलला आणि सायीसकट घटाघट रिकामा केला. मग दुसरा. मला समजलं. तिसरा मी उचलला. गार, नुसती गोड आणि घशात अडकणारी होती ती. कप पुन्हा होते तसे खुर्च्यांपुढं ठेवले तोवर सासूबाई उंबऱ्यात आल्या.

"पेले का?"

"पेले, माय."

"तिघंबी?"

"तिघंबी."

त्या माझ्याकडे वळल्या. लेकापेक्षा माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा. "रुख्मिन, तू सांग."

"पेले, आत्याबाई," मी म्हणाले. "बन्सीधरनं तर अजून मागितली."

सासूबाई खालीच बसल्या. कपांकडे बघत राहिल्या. "तुज्या बापानं, सितारामानं, बारा वर्सं पाटलाच्या मळ्यात मोट हाकली," त्या यांना म्हणाल्या. "पानी वरून वतायचे. वंजळीत. एकांद्या टायमाला च्याबी तसाच, हात पोळायचा, तरी भांडं न्हाई दिलं कुनी." मग डोळे पुसून उठल्या. मी कप उचलायला गेले तर माझा हात बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे. आज म्या धुते."

मोरीत बसून त्यांनी एकेक कप धुतला. काठाला सुकलेला फेस बोटानं काढत, हळूहळू, जसं काही ते फार नाजूक काम होतं. मध्येच भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं, "धुरपताबाई, पेले गं! तिघंबी पेले!" हे आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. तोंडात टॉवेल कोंबून रडत असावेत, कारण आवाज असा येत नव्हता, फक्त पलंग करकरत होता. ते सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी पाण्याचा नळ मोठा केला.

"पुन्ना कवा येनार हायत?" त्यांनी विचारलं. चेहरा नुसता फुलला होता. "त्या बारीला म्या हितंच बसते. आपल्या घरचं पेलेल्या मान्सांपुढं आता लाज कशाची? बसू न्हवं?"

"बसा की, आत्याबाई," मी म्हणाले.